दोन तारखांचं अंडं

मकरंद आणि अमृता वरची जागा सोडून हैदराबादला निघाले तेव्हा त्यांनी वॉशिंग मशीन नेलं, सायकली नेल्या, बाल्कनीतली कुंडी न कुंडी नेली. परसातल्या पाच कोंबड्या तेवढ्या मागे राहिल्या. "काका, फक्त पंधरा दिवस. तिकडे सेट झालो की लगेच घेऊन जातो," असं मकरंद टेम्पोत चढता चढता म्हणाला होता. त्याला आता सात महिने झाले होते. सुरुवातीला कोंबड्यांची चौकशी करणारे मेसेज येत, मग नुसते अंगठे येऊ लागले, आणि मग अंगठेही बंद झाले.

घरमालक वासुदेव गोवंडे म्हणजे विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात, तीस वर्षं काढलेला माणूस. जे. पी. नगरातल्या त्या घरात त्यांच्या पत्नी स्मिताताई होत्या तोवर अंडं फाटकाच्या आत आलेलं नव्हतं. भाडेकरूंनाही तशी सक्त ताकीद असे. चार वर्षांपूर्वी स्मिताताई गेल्या. मकरंदने कोंबड्या आणू का विचारलं तेव्हा वासुदेवरावांनी सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिकडून काहीच आवाज आला नाही, आणि ते "आण" म्हणाले.

आता कोंबड्या रोज तीन-चार अंडी घालणार आणि घरात खाणारं कुणी नाही. पंधरा दिवसांत फ्रिजमध्ये दुधाला जागा उरेना. तेव्हा वासुदेवरावांनी फाटकावर पुठ्ठा टांगला आणि त्यावर कन्नडमध्ये लिहिलं : 'नाटी कोळी मोट्टे'. गावठी कोंबडीची अंडी.

कारखान्यातली शिस्त अंगात मुरलेली. वस्तू बाहेर पडायची तर तिच्यावर क्रमांक आणि तारीख हवी. म्हणून ते प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने, मराठीत, बारीक लिहीत : 'क्र. २, १४ जून'. कुठलं अंडं कुठल्या कोंबडीचं हे कळण्यासाठी सकाळभर खुराड्यासमोर स्टूल टाकून बसावं लागे. ते बसत. तेवढ्यासाठी रद्द करावं असं त्यांचं दुसरं काही काम नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पलीकडच्या गल्लीतले कृष्णमूर्ती. निवृत्त बँक मॅनेजर, कपाळावर गंधाची रेघ, हातात कापडी पिशवी. सव्वासातला फाटक वाजलं.

"गोवंडे सार्, दोन अंडी."

"दोनच?"

"दोन पुरे. रोज येईन."

आणि खरंच ते रोज येऊ लागले. अंडी पिशवीत ठेवायची आणि "स्वल्प बसतो" म्हणून ओट्यावर टेकायचं. हे स्वल्प चाळीस मिनिटांचं असे. पाण्याचा टँकर, गुडघे, मेट्रोचं काम, बँकेतला एक चोर हिशेबनीस. कृष्णमूर्ती कन्नडमध्ये बोलत, वासुदेवराव मराठी वळणाच्या कन्नडमध्ये. मुलगी मैत्रेयी दर रविवारी डब्लिनहून फोन करी तेव्हा वासुदेवरावांकडे आता सांगण्यासारखं काहीतरी असे, आणि ते कृष्णमूर्तींच्या गुडघ्यांविषयी सांगत.

दुसरं गिऱ्हाईक मागच्या अपार्टमेंटमधली प्रांजली. मूळची नागपूरची, आयटीतली. "काका, सीरियसली? मराठीत लिहिलेलं अंडं? किती क्यूट!" तिने अंड्याचा फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की एक रिटायर्ड सायंटिस्ट स्वतः प्रत्येक कोंबडीवर लक्ष ठेवतात. वासुदेवराव सायंटिस्ट नव्हते, पण बाकीचं खरं होतं. पुढच्या रविवारी फाटकाशी अकरा माणसं उभी राहिली. वासुदेवरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

आणि ऑगस्टमध्ये कोंबड्यांनी पिसं टाकायला सुरुवात केली.

आधी क्रमांक चारची मान उघडी पडली, मग क्रमांक एकची पाठ. आठवड्याभरात पाचही जणी उशीतून काढल्यासारख्या दिसू लागल्या आणि अंडी बंद झाली. वासुदेवरावांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"काही नाही, जुनी पिसं झडून नवी येतायत," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन महिने अंडी विसरा."

तीन महिने! वासुदेवरावांनी पुठ्ठा काढायला हात घातला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर सव्वासातचा रिकामा ओटा आला. त्यानंतर साडेसातचा. हात आपोआप खाली आला. त्यांनी पिशवी घेतली आणि ते कोपऱ्यावरच्या देवाप्पाच्या दुकानात गेले.

"अंडी द्या. लहान बघून."

देवाप्पाने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "सार्, तुम्ही? तुमच्या घरी तर कोंबड्या आहेत ना?"

"त्यांच्यासाठीच हवीत," वासुदेवराव म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळायच्या आत बाहेर पडले.

अंडी लहान होती, पण पांढरीशुभ्र. गावठी अंड्याला तांबूस रंग हवा. तपासणी विभागातल्या माणसाने मग दुपारभर गॅसपुढे उभं राहून प्रयोग केले. चहाच्या काळ्याभोर, कोमट पाण्यात सहा मिनिटांत अंडं फिकट होई, बारा मिनिटांत गावठी आणि वीस मिनिटांत संशयास्पद. बारा मिनिटं ठरली. सुकल्यावर वासुदेवराव पेन्सिल घेऊन बसले. कोंबड्यांनी काहीच घातलेलं नसल्यामुळे कुणाला किती द्यायची हा प्रश्न होता. त्यांनी ती न्यायाने वाटली. क्रमांक तीनने एरवी कामचुकारपणाच केला होता. तिच्या नावावर त्या आठवड्यात प्रथमच सहा अंडी लागली.

दुसऱ्या दिवशी कृष्णमूर्तींनी दोन अंडी पिशवीत ठेवली आणि टँकरचा विषय काढला. वासुदेवरावांचा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ तिथे राहिला नाही. शुक्रवारी प्रांजली आली. "काका, बिल्डिंगमधली मुलं रविवारी कोंबड्या बघायला येतील. चौदाजण. अंडं कुठून येतं ते त्यांना माहीतच नाहीये हो, त्यांना वाटतं ॲपमधून येतं!"

नाही म्हणायला हवं होतं. पण चौदा मुलं! त्या परसात चौदा मुलं शेवटची मैत्रेयीच्या नवव्या वाढदिवसाला आली होती. "या की," वासुदेवराव म्हणाले.

रविवारी मुलं यायच्या अर्धा तास आधी त्यांनी आठ अंडी चहातून काढली आणि खुराड्यातल्या गवतात मांडली. ती नीट सुकली नव्हती. मुलं आली. त्यांनी उघड्यावाघड्या कोंबड्यांकडे पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरकली.

"या आजारी आहेत का?" सहा वर्षांच्या भूमिकाने विचारलं.

"नाही, कपडे बदलतायत."

हे सगळ्यांना पटलं. मग भूमिकाने गवतात हात घालून अंडं उचललं, इकडेतिकडे फिरवलं आणि नाकाशी नेलं. तिच्या तळहातावर तांबूस डाग उमटला होता.

"आई, अंड्याला चहाचा वास येतोय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "वेलचीच्या."

वासुदेवरावांच्या घरी एकच चहा असे, वेलचीचा. ते खुराड्याच्या जाळीला धरून उभे राहिले. आता सगळं संपलं, असं त्यांना वाटलं आणि, खोटं कशाला, थोडं हलकंही वाटलं. भूमिकाच्या आईने अंडं हुंगलं. दुसऱ्या बाईने हुंगलं. प्रांजलीने हुंगलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"काका! तुम्ही कोंबड्यांना वेलची खायला घालता?"

वासुदेवरावांनी मान खाली घातली. त्याचा अर्थ विनय असा घेतला गेला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर 'वेलची-फेड' अंड्यांची मागणी नव्वदवर गेली. जी मुलं कधी अंडं खात नव्हती ती म्हणे खाऊ लागली.

सोमवारी सकाळी वासुदेवराव तीन ट्रे आणायला देवाप्पाकडे पोचले, तर ट्रे दोनच होते.

"गाडी दुपारी येईल, सार्. पण तुम्हाला चांगलीच हवी असतील तर ही घ्या," देवाप्पाने गल्ल्याशेजारचं स्टीलचं पातेलं पुढे सरकवलं. "अस्सल नाटी. एक मोठे साहेब आणून देतात. रोज दोन."

वासुदेवरावांनी वरचं अंडं उचललं. तांबूस. बारा मिनिटांचं. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'क्र. ३, २२ ऑगस्ट'.

"पैसे किती घेतात ते साहेब?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"काही नाही घेत. म्हणतात, कुणाच्या तरी पोटात जाऊ दे. खपली नाहीत तर मी धुऊन-पुसून मोठ्या ट्रेत मिसळून टाकतो."

रोज दोन अंडी घेणारा माणूस त्या भागात एकच होता. वासुदेवराव ट्रे न घेता, ते एकच अंडं घेऊन घरी आले. वाटेत त्यांना राग आला, मग लाज वाटली आणि घर येईपर्यंत त्यांना स्वतःला कळेना की आपल्याला नेमकं काय वाटतंय.

मंगळवारी सव्वासातला फाटक वाजलं. "गोवंडे सार्, दोन अंडी."

वासुदेवरावांनी ते अंडं ओट्यावर ठेवलं. "देवाप्पाकडे मिळालं."

कृष्णमूर्तींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. अंडं तिथेच होतं.

"सार्, मी अंडी खात नाही," ते हळूच म्हणाले. "आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी खाल्लं नाही. हात लावला की घरी जाऊन आंघोळ करतो. मुलगा-सून सातला ऑफिसला जातात, रात्री नऊला येतात. तुमच्या फाटकावर पाटी बघितली. म्हटलं, इथे जायला कारण आहे. नुसतं कसं यायचं कुणाच्या घरी? ओळख ना पाळख."

वासुदेवराव त्यांच्या शेजारी बसले. "मीही खात नाही."

"सरी, ठीक आहे. पण विकता तरी."

"ही अंडी कोंबड्यांची नाहीत."

"मग कुणाची?"

"म्हणजे, माझ्या कोंबड्यांची नाहीत. पंधरा-वीस दिवसांपासून त्यांनी एकही घातलेलं नाही. देवाप्पाकडून आणतो आणि चहात बुडवतो."

कृष्णमूर्ती बोटांवर काहीतरी मोजू लागले. बँकेत चाळीस वर्षं काढलेलं डोकं व्यवहार जुळवत होतं. "म्हणजे देवाप्पाकडून तुम्ही घेता, तुमच्याकडून मी घेतो, आणि मी देवाप्पाला देतो."

"हो."

"तरीच. गेल्या आठवड्यात एका अंड्यावर दोन तारखा होत्या. चहाखालची एक पुसट, वरची ताजी. मला वाटलं, कोंबडीला दोन दिवस लागले."

वासुदेवराव आधी नुसते खांद्यातून हलले. मग त्यांचं हसू असं बाहेर फुटलं की परसातल्या कोंबड्या केकाटायला लागल्या. कृष्णमूर्ती पोट धरून ओट्यावर आडवे व्हायचे बाकी राहिले. त्या घरात एवढा आवाज किती वर्षांनी झाला, हे सांगायला भिंतींशिवाय कुणी साक्षीदार नव्हता.

त्या दुपारी वासुदेवराव स्वतः प्रांजलीकडे गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सगळ्यांचे पैसे पाकिटात घालून नेले होते. ती हसली नाही.

"काका, आमचा तुमच्यावर ट्रस्ट होता," ती म्हणाली. "मी आता ग्रुपवर काय लिहू?"

"खरं लिही."

तिने खरं लिहिलं. रविवारी फाटकाशी कुणीही आलं नाही. वासुदेवरावांनी पुठ्ठा काढला, दोन तुकडे केले आणि कचऱ्यात टाकला. मैत्रेयीच्या फोनवर ते म्हणाले, "सगळं ठीक," आणि फोन चार मिनिटांत संपला.

पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. बुधवारी सव्वासातला फाटक वाजलं नव्हतं. गुरुवारीही नाही. शुक्रवारी वासुदेवराव उगाच फाटकाच्या बिजागरीला तेल घालायला गेले आणि गल्लीच्या टोकापर्यंत बघून आले. सगळं इतकं मोकळेपणाने बोलून झालं होतं की आता यायला काही निमित्तच उरलं नव्हतं. खोटं होतं तोवर माणूस रोज येत होता.

सोमवारी सकाळी सातला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, रिकामी पिशवी घेतली आणि ते पलीकडच्या गल्लीत गेले. कृष्णमूर्तींचं घर त्यांना ऐकून माहीत होतं. आत कधी गेले नव्हते. दारात रांगोळी, वर आंब्याच्या पानांचं तोरण, आतून अगरबत्तीचा वास. त्यांनी बेल दाबली. दार उघडलं. कृष्णमूर्ती ओल्या पंचात, देवपूजेतून उठून आलेले, हातात तुळशीची पानं.

"कृष्णमूर्ती सार्," वासुदेवरावांनी पिशवी पुढे केली. "दोन अंडी हवी होती."

कृष्णमूर्तींच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी एकदा आत देवघराकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे.

"आज अजून घातली नाहीत, सार्," ते गंभीरपणे म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. "स्वल्प वेळ लागेल. आत येऊन बसा."