रायफल पोचली का?

उपासनीकाकांनी आयुष्यात डाससुद्धा मारलेला नाही. घरात गांधीलमाशी शिरली तर तिच्यावर पेला पालथा घालतात, खालून जुनं ग्रीटिंग कार्ड सरकवतात आणि तिला बागेत नेऊन सोडतात. सोडताना "जा सांभाळून" असंही म्हणतात, मी स्वतः ऐकलंय. अंडं बाराही महिने बंद, कांदा-लसूण चातुर्मासात बंद. आणि इंग्लंडातल्या आमच्या भागात कुठल्याही जुन्या शिकाऱ्याला विचारा, की रायफल घेऊन आफ्रिकेला जायचंय, कुठल्या विमानाने जाऊ? तो सांगेल, रीडिंगला मिस्टर उपासनी राहतात, त्यांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नकोस.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. मी नागपूरची, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात काकांच्या दारात हिरव्या जाकिटातला एक दांडगा इंग्रज उभा दिसला आणि काका त्याला समजावत होते, की काडतुसं वेगळ्या पेटीत, पेटीला वेगळं कुलूप, वजन पाच किलोच्या आत. मी नवऱ्याला म्हटलं, आपण चुकीच्या गल्लीत घर घेतलं.

खरी गोष्ट अगदी साधी होती. काका मूळ साताऱ्याचे. एकतीस वर्षं त्यांनी विमानतळावर हरवलेल्या बॅगा शोधण्याच्या खात्यात काढली. बॅग न पोचणं हा ते स्वतःचा अपमान समजतात, मग ती कुणाची का असेना. ते निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या शेजारचे डेव्हिड व्हिटलॉक शिकारीला नामिबियात गेले आणि त्यांची रायफल वाटेतच राहिली. मधे जिथे विमान बदललं, तिथे नुसत्या बदलासाठीसुद्धा बंदुकीची वेगळी परवानगी लागायची. डेव्हिडनी दहा दिवस हरणांचे फोटो काढले आणि हात हलवत परत आले. कुंपणावरून ही हकिगत ऐकताना काकांचा चेहरा लाल झाला म्हणे. चार दिवसांत त्यांनी घरबसल्या फोन करून ती रायफल शोधून काढली. मग डेव्हिडना चांगलं फैलावर घेतलं, की असलं तिकीट काढलंच कसं?

तेव्हापासून डेव्हिड काकांचे झाले, आणि डेव्हिडमागोमाग त्यांचा सगळा नेमबाजीचा क्लब.

काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कोणता प्राणी, कोणता महिना, यात त्यांना काडीचा रस नाही. "ते राहू दे बाजूला. आधी सांगा, बदलताय कुठे?" मग त्यांचा मंत्र येतो: एक तिकीट, एक बदल, तीन तास. म्हणजे सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा; दोन वेगळी तिकिटं स्वस्तात काढलीत की मधल्या देशात रायफल स्वतः सोडवून घ्यावी लागते, आणि तो देश तुमच्या स्वागताला बसलेला नसतो. विमान एकदाच बदलायचं. आणि मधे तीन तास हवेत, कारण माणूस पळू शकतो, पेटी पळू शकत नाही. शिवाय काही विमान कंपन्या बंदूक घेतच नाहीत, काही घेतात पण आधी पत्र मागतात. हे सगळं काकांच्या वहीत, पेन्सिलने, कारण नियम बदलतात.

हा मंत्र ते सगळ्यांना लावतात. ब्रिस्टलला बारशाला निघालं तरी "बदलताय कुठे?" त्यांच्या पुतणीने एका घटस्फोटित मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा सगळं घर धुमसत होतं. काका म्हणाले, एक बदल चालतो. आणि माझी आई अचानक गेली त्या सकाळी मी फोन हातात धरून नुसती बसले होते, तेव्हा हे स्लिपर घालून रस्ता ओलांडून आले. सांत्वनाचा एक शब्द नाही. हातात कागद होता: रीडिंगहून बस किती वाजता, विमान कोणतं, मुंबईत नागपूरसाठी कुठल्या दारातून बाहेर पडायचं. मी त्या कागदाच्या जोरावर आईपर्यंत पोचले. हा माणूस कितीही चक्रम असला तरी त्याला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. मी ठेवते ते वेगळं.

एकदा मी छेडलंच. म्हटलं, काका, एवढे शाकाहारी तुम्ही, आणि जनावरं मारणाऱ्यांना रस्ता दाखवता? काका अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, मी बॅगेचा माणूस. बॅग पोचली पाहिजे. पण मला आतली बातमी आहे. काकांच्या पत्नी नलूकाकू होत्या तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, की कुणी शिकारीला निघालं की हे देवापुढे निरांजन लावतात आणि पुटपुटतात, "रायफल पोचू दे, नेम चुकू दे."

फक्त एक अट होती. रायफल या घरात यायची नाही. कागद घेऊन या, बंदूक तुमच्या कपाटात ठेवा. त्यामुळे इतक्या वर्षांत काकांनी एकही रायफल डोळ्यांनी पाहिलेली नाही. तिचा नंबर मात्र त्यांना पाठ असतो, कारण तो तीन कागदांवर तंतोतंत जुळावा लागतो.

डेव्हिडचा दिवस मंगळवार, दुपारी चार. प्रवास जूनमध्ये असला तरी बैठका जानेवारीतच सुरू. एका मंगळवारी कंपनी ठरते, पुढच्या मंगळवारी ती का नको ते ठरतं. नलूकाकू त्यांना थालीपीठ करून घालायच्या. त्या गेल्यावर काका उपमा शिकले. त्यात गुठळ्या असतात. डेव्हिड त्या चमच्याने फोडून खातात आणि दरवेळी व्हेरी गुड म्हणतात.

पण मधल्या काळात धंद्याची तऱ्हा बदलली. नव्या शिकाऱ्यांना एवढ्या भानगडी नको असतात. ते हात हलवत जातात आणि तिकडच्या फार्मवरचीच रायफल भाड्याने घेतात. काकांना हे म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश वापरण्यातला प्रकार वाटतो. क्लबातले एकेक गडी यायचे थांबले. हंगामाला सात-आठ जण असायचे तिथे उरले एकटे डेव्हिड.

गेल्या ऑक्टोबरात मी फ्लूच्या इंजेक्शनसाठी जीपीकडे, म्हणजे आमच्या डॉक्टरकडे, रांगेत बसले होते, तर शेजारी डेव्हिड. हात थरथरत होता त्यांचा. मी सहज विचारलं, की येत्या जूनला परत आफ्रिका का? ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, की दोन वर्षांपूर्वीच दोन्ही रायफली विकल्या. या हातांनी काय नेम धरणार? जूनमधले ते दहा दिवस ते ब्रिस्टलला मुलीकडे काढतात. मी थक्क. मग जानेवारीपासून दर मंगळवारी काकांकडे फोल्डर घेऊन जाता ते कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, "शरदकडे आता दुसरं कोण येतं? मीही थांबलो तर तो त्या वह्यांचं काय करेल?" आणि माझ्याकडून वचन घेतलं, की काकांना कळता कामा नये.

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या रीडिंगला माहीत आहे. तरी मी पाच महिने दम धरला. मार्चमध्ये मात्र काकांच्या मुलाचा, निखिलचा, केंब्रिजहून फोन आला. त्याने घराला जोडून वडिलांसाठी खोली बांधून घेतली होती. काकांना मागच्या थंडीत दोनदा चक्कर आली होती, एकदा तर जिन्यावर. आणि काका येतो म्हणत नव्हते. जूनपर्यंत काम आहे, डेव्हिडचा प्रवास आहे, हे एकच पालुपद. "तू सांग ना त्यांना, मीनल. तुझं ऐकतात," निखिल म्हणाला. रडवेला झाला होता.

मी रात्रभर विचार केला आणि ठरवलं, की वचन गेलं खड्ड्यात. ज्या प्रवासासाठी हा माणूस एकट्याने जिने चढतोय, तो प्रवासच नाहीये. दुसऱ्या दिवशी दुपारी समोर जाऊन बसले. काका पेन्सिलीला टोक करत होते. मी म्हटलं, काका, डेव्हिडबद्दल एक सांगायचंय. वाईट वाटून घेऊ नका.

"रायफली विकल्या, हेच ना?" काका म्हणाले. टोक करणं चालूच.

माझं तोंड बघून त्यांना जरा मजाही वाटली असावी.

"अगं, पहिल्याच वर्षी कळलं मला. त्याचं जोहान्सबर्गचं विमान त्या दिवशी कॅन्सल झालं होतं. मी टॅबवर बघत बसलेलो, हा आता कुठे अडकला म्हणून जीव टांगणीला. आणि हा परत येऊन सांगतो, फ्लाइट ऑन टाइम, रायफल बेल्टवर सगळ्यात पहिली आली. बेल्टवर! रायफल बेल्टवर येतच नाही, पोलिसांच्या खोलीत हातात देतात. मीच शिकवलंय त्याला. वर फोल्डर परत दिलं त्यात रीडिंग-ब्रिस्टल रिटर्न तिकीट."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "काय बोलू? बायको गेल्यापासून तो घरात एकटा. क्लब सुटला, हातामुळे गाडी चालवणं सुटलं. मंगळवारी माझ्याकडे यायचं म्हणून तो दाढी करतो, शर्टाला इस्त्री करतो. मी सांगितलं की मला कळलंय, तर बुधवारपासून तो कशासाठी उठेल?"

"आणि तुम्ही, काका?"

"मंगळवारी मी उपमा करतो," ते म्हणाले. "एकट्यासाठी कोण करतं? बाकीचे दिवस मी ब्रेड खातो."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन म्हातारे एकमेकांना फसवताहेत, दोघांनाही वाटतंय की आपण दुसऱ्याला सांभाळतोय, आणि मी मधल्या मधे दोघांची गुपितं पोटात घेऊन बसलेय. निखिलला मी फोन केला आणि काही धड सांगता आलं नाही. जूनपर्यंत थांब, एवढंच म्हटलं. जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा मात्र माझ्या नवऱ्याने येऊन बसवला.

मंगळवार चालू राहिले. मार्चमध्ये पत्रं झाली, एप्रिलमध्ये काडतुसांचं वजन झालं. बंदुकीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स डेव्हिडनी जुनीच दिली, मुदत संपलेली. काकांनी चष्मा पुसला आणि ती नीट फाइलला लावली. मी एकदोनदा मुद्दाम जाऊन बसले. डेव्हिड थापा मारत होते, काका त्या पेन्सिलने उतरवून घेत होते, आणि दोघंही इतके रंगले होते की उपम्यातल्या गुठळ्या कुणाला जाणवल्या नाहीत.

जूनमध्ये डेव्हिड निघाले तो शुक्रवार होता. टॅक्सी आली, काकांनी फाटकापर्यंत जाऊन निरोप दिला, पासपोर्ट घेतला का विचारलं. दुपारी मी पोहे घेऊन गेले तर काका खिडकीत टॅब मांडून बसलेले. मी डोकावून पाहिलं. विमान नव्हतंच त्यावर. रीडिंगहून ब्रिस्टलला जाणाऱ्या गाडीचं वेळापत्रक होतं, आणि गाडी अकरा मिनिटं उशिरा होती. मी पोह्यांची बशी ठेवली. अर्ध्या तासाने त्यांनी सुस्कारा सोडला.

"पोचला," ते म्हणाले.

मग त्यांनी निखिलला फोन लावला. उद्या निघतो म्हणाले, एकच बदल आहे, लंडनला. खोली बघतो, आठ-दहा दिवस राहतो. पलीकडून निखिल बराच वेळ काहीतरी सांगत होता, बहुतेक कायमचेच या म्हणत असावा. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाही रे," ते म्हणाले, "दहाव्या दिवशी, सोमवारी परत यायला हवं. मंगळवारी डेव्हिड आफ्रिकेहून येतोय. रायफल पोचली का, ते विचारायला त्याला कुणीतरी नको का?"