वेरावळचं हवामान

पाऊस पडतो आहे की नाही, हे शिवलिंगप्पा आभाळाकडं बघून कधी सांगत नसत. ते रेडिओला विचारत. एकदा आमच्या ओसरीसमोर चिंब भिजत उभे होते. मी म्हटलं, "आप्पा, आत या." तर म्हणाले, "सोलापूरच्या आकड्यांत आज पाऊस न्हाय. ह्यो नुसता चुकार ढग." त्या चुकार ढगानं आमच्या न्हाणीची भिंत पाडली.

आप्पा पलटणीत बिनतारी यंत्रावर होते. उमरग्याला परतले ते बॅटरीवरचा रेडिओ आणि भलतीच ऐट घेऊन. गाव गाण्यांसाठी टपलेलं, आणि हे रोज सकाळी हवामान खात्याच्या सांकेतिक संदेशांचं नुसतं कट्ट-कडकट्ट ऐकत. पाटीवर पाच-पाच आकडे मांडत, त्यांतून गावोगावचा वारा, ढग, पाऊस उलगडत. मग पारावर येऊन जाहीर करत, "वेरावळला आभाळ निम्मं झाकलंय!"

वेरावळ हे काठेवाडातलं बंदर. आम्ही पेरणीचं विचारावं, तर आधी वेरावळ ऐकून घ्यावं लागे.

निजामाच्या पोलिसांतल्या अमीनसाहेबांना या आकड्यांत कट दिसला. "ये क्या खुफिया बात है जी?" म्हणत ते चौकशीला आले. आप्पांनी त्यांना बसवून हवेचा दाब समजावला. साहेब पुन्हा त्या गल्लीत फिरकले नाहीत.

एका सकाळी आप्पा पारावर आलेच नाहीत. आम्ही देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत, तेव्हा मी घरी गेलो. आप्पा रेडिओपुढं बसलेले, ताटातली भाकरी तशीच.

"तिकडं वादळ झालं," ते म्हणाले. "तवापास्नं वेरावळचं आकडं येईनात."

"येईनात तर येईनात. तुम्हाला काय करायचंय?"

"तिथलं आभाळ बघून आकडं धाडणारा माजा जावई हाय."

मुलीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून याच माणसानं तिच्या नावानं आंघोळ केली होती. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली.

"एक तार करा की, आप्पा."

"कोणत्या तोंडानं?"

तेवढ्यात कट्ट-कडकट्ट सुरू झालं. आप्पांनी पाटी ओढली. एकेक आकडा मांडत गेले आणि मधेच थांबले.

"आलं वेरावळ. वारा मंद हाय."

"म्हणजे जावई ठीक आहेत."

"सकाळी उठून आभाळ बघितलंय त्यानं. म्हंजी घर उभं हाय. पोरीनं चहा दिला आसंल त्याला." आप्पांनी पटक्याचा शेव डोळ्यांना लावला. "लई गोड करती ती चहा."