मागचं दार किती रुंद?

लोक लग्नासाठी हॉल कसा ठरवतात हे मी आयुष्यभर पाहत आलोय. जायचं, दिवे बघायचे, "छान आहे हो" म्हणायचं आणि तारीख सांगून मोकळं व्हायचं. मग लग्नाच्या दिवशी नळाला पाणी नाही म्हणून हात धुवायला शेजारच्या बिल्डिंगमध्ये पळायचं. माझ्या मुलीच्या लग्नात असलं काही होणार नव्हतं. मी एकतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. बोल्टचं खोकंसुद्धा मोजल्याशिवाय मी कधी आत घेतलं नाही, तर अख्खा हॉल काय असाच घेईन?

मी प्रश्नांची यादी केली. बहात्तर प्रश्न. पंखे किती, त्यातले कुरकुरणारे किती? वीज गेल्यावर जनरेटर किती सेकंदांत सुरू होतो? टाकी शेवटची कधी धुतली, आणि धुताना कोणी पाहिलं?

मुलीनं यादी वाचली. "बाबा, आम्हाला लग्न करायचंय. हॉल विकत घ्यायचा नाहीये."

बायकोनं यादी न वाचताच घडी घालून मला परत दिली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कुठलं उदाहरण चुकणार हे तिला आधीच कळतं.

पहिल्या हॉलच्या मॅनेजरनं नऊ प्रश्नांची उत्तरं दिली आणि दहाव्याला न वाजलेला फोन उचलून बाहेर गेला, तो आलाच नाही. दुसऱ्या ठिकाणी मी टाकी बघायला शिडीवरून गच्चीवर चढलो. खाली उतरेपर्यंत एका जोडप्यानं येऊन आमची तारीख घेतली होती. त्यांनी टाकीकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं. असे पाच हॉल गेले.

आता तळ्याकाठचा एकच हॉल उरला. पुढच्या महिन्याची बावीस तारीख तिथे मोकळी आहे, असं बायकोला फोनवर कळलं होतं. ती म्हणाली, "आज जा, तारीख घ्या, पावती घ्या आणि घरी या. दुसरं काही करू नका."

मी गेलो. हातात क्लिपबोर्ड, खिशात मोजपट्टी आणि टॉर्च. मला दारात बघताच मॅनेजर ताडकन उभा राहिला. रुमालानं खुर्ची पुसली.

"या साहेब, बसा. आपण पुढच्या आठवड्यात येणार असं कळलं होतं."

बायकोनं फोनवर तसं सांगितलं असेल, असं मला वाटलं. "मी कामं लवकर उरकतो," मी म्हणालो.

त्यानं घाम पुसला. प्रश्न सुरू झाले आणि काय सांगू, असा माणूस मी पाहिला नव्हता. प्रत्येक उत्तर उभ्यानं. सत्तावीस नंबरला मी विचारलं, "मागचं दार किती रुंद?"

"साडेतीन फूट, साहेब."

मी मोजपट्टी लावली. तीन फूट एक इंच. "हे चालणार नाही," मी म्हणालो.

"करून घेतो साहेब."

बाथरूममध्ये टॉर्च मारला. फरशी घसरडी. "करून घेतो साहेब." मी बोट दाखवायचा अवकाश, तो कागदावर लिहून घ्यायचा. शेवटी मी विचारलं, "या सगळ्याची तपासणी याआधी कोणी केली होती?"

"आपल्याच ऑफिसचे होते ना, आपल्या आधीचे साहेब."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा मला परवाना तपासणारा सरकारी अधिकारी समजत होता. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण एकतीस वर्षांत माझ्यासाठी कोणी खुर्चीवरून उठलं नव्हतं. शिपायानंसुद्धा माझं नाव कधी धड घेतलं नव्हतं. मी खुर्चीत जरा मागे रेललो आणि म्हणालो, "बावीस तारीख लक्षात ठेवा."

"बावीस. शब्द देतो, साहेब."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "पावती?"

"त्यानं शब्द दिलाय."

"तुम्ही बोल्टची पावती घेत होतात," ती म्हणाली. पण पत्रिका छापायची घाई होती, विषय तिथेच राहिला.

लग्नाला बारा दिवस उरले असताना आम्ही तिघं सजावट ठरवायला गेलो. हॉलला मागची भिंत नव्हती. जिथे दार होतं तिथून तळं दिसत होतं. फरशी उखडलेली, बाथरूमची भांडी अंगणात ओळीनं मांडलेली. सिमेंटनं माखलेला मॅनेजर मला बघून धावत आला.

"साहेब, हात जोडतो, पंधरा दिवस वाढवून द्या. बावीसला नाही होणार. बघा, दार पाच फूट करतोय."

"हे साहेब कोण?" बायकोनं विचारलं.

मी मागच्या भिंतीकडे, म्हणजे तळ्याकडे बघू लागलो.

"हे माझे बाबा आहेत," मुलगी म्हणाली. "बावीसला इथे माझं लग्न आहे."

मॅनेजरनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तीन लग्नं रद्द केली मी," तो हळू आवाजात म्हणाला. "लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तुमच्या भीतीनं." मग त्याला काहीतरी आठवलं. "म्हणजे मागच्या सोमवारी आले तेच खरे साहेब. मला वाटलं तुमच्या हाताखालचे असतील. त्यांनी चहा घेतला, सही केली, गेले. काहीसुद्धा मोजलं नाही हो त्यांनी."

मी माफी मागितली. तीन वेळा मागितली. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता थापी धुवत बसला. मुलगी सिमेंटच्या पोत्यावर बसून रडत होती आणि बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

डोळे पुसून मुलीनं होणाऱ्या सासूबाईंना फोन लावला. विहीणबाईंचं औषधाचं दुकान आहे. समोर गिऱ्हाईक उभं असताना त्यांनी सगळं ऐकलं, एकदाही "अरे देवा" म्हटलं नाही. अर्ध्या तासात त्यांचा उलट फोन आला. दुकानात येणाऱ्या एका मुख्याध्यापकांकडून त्यांनी शाळेचं सभागृह मिळवलं होतं.

"तुम्ही काय काय विचारलंत?" मी न राहवून म्हणालो.

"बावीसला मोकळं आहे का, एवढंच."

पुढचे चार दिवस मुलगी आणि जावई प्रत्येक पाहुण्याला फोन करून नवा पत्ता सांगत होते. कारण विचारलं की मुलगी म्हणायची, "तिथे काम निघालंय." कोणामुळे निघालं, हे तिनं एकालाही सांगितलं नाही. ते ऐकताना मला खोली सोडून जावंसं वाटे.

लग्न छान झालं. वारा होता, पाणी होतं, म्हातारी माणसं खुर्च्यांवर आरामात बसली होती. कारखान्यातले माझे जुने साहेब आले. चहूकडे बघत म्हणाले, "काय छान जागा शोधलीत हो."

मी आजूबाजूला पाहिलं. विहीणबाई लांब होत्या.

"बरंच फिरावं लागलं," मी म्हणालो.

"खरं आहे," माझ्या पाठीमागून बायकोचा आवाज आला. "हे इतके फिरले, की शेवटी हॉल विहीणबाईंना शोधावा लागला."

साहेब मोठ्यानं हसले. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला गेलो आणि ते घरी जाईपर्यंत आणतच राहिलो.