डाव्या पायाचे दहा मार्क

आमच्या पुंडलिकनगरात कुणी हनिमूनला निघालं, की नवरा-नवरीच्या हातात वैजापूरकरकाकांची बरणी पडायची. अर्ध्या किलोची, प्लास्टिकची, लोणच्याची असते तसली. शहागंजच्या बाजारातून डझनानं आणलेली आणि दोनदा धुतलेली. वर चिकटपट्टीवर बेटाचं नाव आधीच लिहिलेलं. "जा, मजा करा," काका म्हणायचे, "पण येताना वाळू आणा. पाण्यातली नको, वरची भुसभुशीत नको. मधली." नवरी बिचारी लाजून अर्धी व्हायची. नवरा विचारात पडायचा, की हा माणूस आशीर्वाद देतोय का काम लावतोय!

आमच्याकडं वाळू म्हटलं की लोकांना चोरट्या वाळूचे हायवा ट्रक, तहसीलदार आणि पळापळ आठवते. त्यामुळं नव्या भाडेकरूंना काही दिवस वाटायचं, काका त्याच धंद्यातले. तसं त्यांचं आयुष्य वाळूतच गेलं होतं म्हणा. सरकारी बांधकामाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांनी वाळू चाळली, धुतली, पास केली, नापास केली. जास्त करून नापासच केली. रिटायर झाले आणि ही सगळी चिकाटी मालदीव, बाली, लक्षद्वीपवर येऊन पडली.

त्याला कारण कुसुमकाकू. काकूंचं माहेर लासूर स्टेशन. लहानपणी फलाटावर उभं राहून मुंबईच्या गाड्या बघितल्या, पण समुद्र काही बघितला नाही. "गाडी जायची समुद्राकडं, अन् मी घराकडं," असं हसत सांगायच्या. काका रिटायर झाल्यावर जायचं ठरलं होतं. नेमका त्याच वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, चाकाची खुर्ची आली. समुद्राच्या पाण्यात एकदा पाय ठेवायचा, ही इच्छा तेवढी तशीच राहिली. उजव्या पायाला काही कळत नव्हतं, पण डाव्याला सगळं कळायचं.

आम्ही सगळ्यांनी सुचवलं, की कोकणात घेऊन जा, एका दिवसाचं काम. काका ऐकतील तर शपथ. "तिथली लाट दांडगी. बेटांवर पाणी कोमट, लाट गरीब. एकदाच न्यायचंय मास्तर, तर अशा ठिकाणी नेऊ, की चाक रुतणार नाही आणि तिच्या पायाला टोचणार नाही. आधी नमुना, मग फैसला!"

हा फैसला दर रविवारी सकाळी त्यांच्या पोर्चमध्ये चालायचा. आलेली वाळू काका स्टीलच्या ताटात पसरायचे, वर मीठ घातलेलं कोमट पाणी ओतायचे. मग खाली बसून काकूंचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून ताटात ठेवायचे. काकू डोळे मिटायच्या. काका मार्कांची वही आणि पेन्सिल घेऊन तयार, आणि सगळी गल्ली चहाचे कप घेऊन निकालाची वाट बघत उभी.

"टोचती." बाली नापास.

"लई बारीक. बोटांत शिरती." मालदीव नापास.

लक्षद्वीपला दहापैकी सहा मिळाले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. काकूंना ह्या सगळ्याची गंमत वाटायची, पण मधूनच म्हणायच्या, "अहो, गहू तरी किती निवडायचे? दळायला कधी न्यायचे?" काका म्हणायचे, "थांब गं, एवढी दोन बेटं होऊ दे." अशी दोन-दोन करत तीन वर्षं गेली.

आता माझं पाप सांगतो. आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही मॉरिशसला गेलो. सहा दिवस हिंडलो, फोटो काढले, आणि घरी येऊन बॅग उघडली तर तळाला बरणी कोरी करकरीत. बायको म्हणाली, "जाऊन सांगा, विसरलो." पण माझ्या अंगात कुठलं शहाणपण! समोर एका घराचं बांधकाम चालू होतं. तिथून ओंजळभर वाळू उचलली, पिठाच्या चाळणीनं चाळली, धुऊन वाळवली आणि बरणीत भरली. चाळणीवरून घरात जे झालं ते इथं सांगण्यासारखं नाही.

रविवारी काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ताटात बघितलं. "रंग जरा दबलेला वाटतो."

"ज्वालामुखीचं बेट आहे ना!" मी ठोकून दिलं. शाळेत भूगोल माझाच विषय, त्यामुळं खोटं बोलायला जड गेलं नाही.

काकूंनी पाय ठेवला. डोळे मिटले, मग एकदम उघडले आणि थेट माझ्याकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "दहा. लिवा दहा."

गल्ली ओरडली! पहिल्यांदाच कुणी पास झालं होतं. काकांनी मात्र दहा लिहिले नाहीत. पेन्सिल कानावर ठेवली, काकूंचा पाय पुसला आणि त्यांना आत घेऊन गेले.

पुढं कितीतरी दिवस मला जेवण गोड लागेना. काका मॉरिशसची तिकिटं काढणार, तिथं वाळू निराळीच निघणार, काकूंचा हिरमोड होणार, आणि सगळं माझ्यामुळं. पण तिकिटं काही निघाली नाहीत. उलट बरण्या वाटणं पहिल्यासारखंच सुरू राहिलं. मी सुटलो म्हणून खूश. आता त्या खुशीची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात काकूंना दुसरा झटका आला. तीन दिवसांत सगळं आटोपलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंदमानला गेलो. कुणी बरणी दिली नव्हती, कुणी मागितली नव्हती. तरी मी घरातली एक बरणी नेली, चिकटपट्टीवर अंदमान लिहिलं आणि भरून आणली. मधली वाळू, खरी. ती घेऊन काकांकडं गेलो. पोर्चमध्ये काकूंची चाकाची खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली. काकांनी बरणी घेतली, चिकटपट्टीवरचं नाव वाचलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, ती मॉरिशसची वाळू खोटी होती. समोरच्या बांधकामावरची."

"माहीत आहे," काका म्हणाले. "तीस वर्षं हेच केलं मास्तर. गोदावरीची वाळू मी ओळखणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तिला म्हणालो, आत गेल्यावर. अगं, ही आपल्या नदीची वाळू, हिला दहा कसले देतेस? ती म्हणाली, मला बी ठाऊक हाय. पण दहा लिवा, अन् आता थांबा. कुठं बी न्या, पण न्या." काका बरणीचं झाकण फिरवत राहिले. "आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, खोट्या नमुन्यावर मंजुरी देता येत नाही."

काका उठून आत गेले, तेच ताट घेऊन आले. वाळू पसरली, मिठाचं कोमट पाणी ओतलं. मग काकूंची खुर्ची लागायची तिथल्या पायरीवर बसून त्यांनी पायजमा वर केला आणि स्वतःचा डावा पाय ताटात ठेवला. डोळे मिटले. वही मांडीवर, पेन्सिल हातात.

"निवडत बसलो हो मी," म्हणाले.

मग पेन्सिल माझ्यापुढं धरली. "तुम्ही बघा बरं पाय ठेवून, टोचते का. मला सगळी सारखीच लागते."