पळायचं झालं तर कुठून?

माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, गुरुजींनी सूर लावलेला, मी घामाघूम, आणि तेवढ्यात मागून गायधनी साहेबांनी वाकून माझ्या कानात विचारलं, "पळायचं झालं तर कुठून?"

आपण कुजबुजलो असा त्यांचा समज होता. पण त्यांची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत जायची. सासऱ्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मामानं माझा खांदा धरला तो सप्तपदी होईस्तोवर सोडला नाही. गायधनींचं मात्र माझ्याकडे लक्षच नव्हतं. कार्यालयाच्या मागच्या दाराला कुलूप होतं आणि दारासमोर गाद्यांचा ढीग. दुसऱ्या मंगलाष्टकाला ते किल्ली शोधायला गेले, चौथ्याला मॅनेजरला हाताला धरून घेऊन आले आणि अक्षता पडायच्या आत दार सताड उघडलं. 'सावधान' हा शब्द त्या लग्नात मनावर घेणारा तो एकटा माणूस.

गायधनी साहेब इंदिरानगरात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे आणि एका विमा कंपनीच्या शाखेत अधिकारी होते. वडील रामकुंडावर तीर्थोपाध्याय. गावोगावच्या यजमानांच्या वंशावळी लिहिलेल्या लांबलचक वह्या घरात. पण मांडी घालून दहा मिनिटं बसणं ह्यांना जमेना, म्हणून वह्या चुलतभावाकडे गेल्या आणि हे विम्यात आले. विम्यात तरी कुठं बसत होते? ऑफिसातली त्यांची खुर्ची वीस वर्षांनंतरही दुकानातून आणल्यासारखी दिसायची. उभ्यानं फाइल वाचायची, चालत चालत सही करायची. त्यांच्या सह्या सगळ्या उजवीकडे धावत सुटलेल्या.

बोलण्याची सुरुवात 'समजा'पासून. "समजा, पंखा पडला." "समजा, ह्याच क्षणी गॅस लीक झाला." चहाला गेलात की कपबशी हातात येण्याआधी निदान दोन 'समजा' अंगावर यायचे. मग गायधनीकाकू आतून म्हणायच्या, "समजा, त्यांना चहा पिऊ दिला!" काकूंचा आयुष्यभराचा एकच सल होता. नाशकातल्या प्रत्येक थेटरात त्यांनी प्रत्येक सिनेमा दाराशेजारच्या खुर्चीवरून पाहिला होता. "अर्धा हिरो दिसतो हो मला," त्या सांगायच्या. "हिरॉइन तर नेहमी खांबामागे."

स्वतः साहेब मोपेडवरून जायचे, वेग ताशी वीस. गावात हेल्मेट म्हणजे चेष्टेचा विषय होता तेव्हापासून ते हेल्मेट घालत. एकदा भाजीबाजारात ते काढायचं विसरले आणि तसेच मेथीची घासाघीस करत राहिले. मेथीवालीनं घाबरून दोन जुड्या जास्त दिल्या.

असा हा माणूस मोटारसायकलच्या शर्यतींचा विमा उतरवायचा. त्याला कारण मी.

नव्वदच्या दशकात अंबडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर आमचा क्लब मातीच्या ट्रॅकवर शर्यती भरवायचा. मी क्लबचा सेक्रेटरी. सेक्रेटरी होण्याची पात्रता एकच होती, निवडीच्या सभेला गैरहजर असणं. त्या दिवशी मी दाढ काढायला गेलो होतो. सुरुवातीच्या वर्षांत आमचा विमा म्हणजे नारळ. ट्रॅकच्या तोंडाशी फोडायचा आणि डोळे मिटायचे. मग एका वर्षी परवानगीच्या अर्जाला पोलिसांनी विम्याचा कागद जोडायला सांगितला. मी गायधनींकडे गेलो. त्यांनी फॉर्म दिला. त्यात माझ्यासाठी 'प्रमोटर' असा शब्द होता. मी त्याच संध्याकाळी शंभर व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. बायको म्हणाली, "घरातला बल्ब बदलत नाहीत, म्हणे प्रमोटर."

फॉर्म मी एका दमात भरला. प्रेक्षकांची अंदाजे संख्या : भरपूर. पूर्वीचे अपघात : किरकोळ, सांगण्यासारखे नाहीत. गायधनींनी तो ऑफिसभर फिरत मोठ्यानं वाचला. सगळा स्टाफ जेवणाचे डबे बाजूला ठेवून ऐकत होता.

"अरे प्रमोटर, सांगण्यासारखे नसतात तेच सांगायचे असतात! समजा, चाक निखळलं. समजा, गाडी वळणावर सुटली. समोर कोण?"

"समोर प्रेक्षक, साहेब."

"आणि प्रेक्षकानं पळायचं झालं तर कुठून?"

ह्याचं उत्तर फॉर्मात नव्हतं. नारळाकडेही नव्हतं.

त्यानंतर चार संध्याकाळी ते मैदानावर आले. हेल्मेट घालून सबंध ट्रॅक पायी फिरले. प्रत्येक वळणावर थांबून डोळे मिटायचे आणि स्वतःच गाडी झाल्यासारखे भरकटत जायचे, जिथे पाय थांबतील तिथे खुणेचा दगड. मग पावलं मोजायची. मोजणीच्या चपला वेगळ्या, मोपेडच्या डिकीत ठेवलेल्या. शेवटच्या वळणाचा हुकूम असा निघाला, की दोरी ट्रॅकपासून तीस पावलांवर, आणि दोरीच्या अलीकडे माणूस नको. पॉलिसीत ही अट टाइप करून आली. पळवाट म्हणून कुंपणाला दोन जागी खिंडार पाडलं. कुंपण शेजारच्या कारखान्याचं होतं, पण ती हकिकत वेगळी.

शनिवारी सगळं मोजून झालं आणि शनिवारीच आप्पा आले. आप्पा लासलगावचे कांद्याचे व्यापारी. भली थोरली ट्रॉफी त्यांनी दिलेली, म्हणजे प्रमुख पाहुणे तेच. त्यांच्यासाठी मांडववाल्याकडून पांढरी खोळ घातलेले तीन सोफे आणले होते, दोरीच्या मागे, गायधनींच्या हिशेबानं. आप्पा एकावर बसून पाहून म्हणाले, "सेक्रेटरी, हितून काय दिसनार? धुरळा अंगावर आला पायजे राव! लय लांब हाय हे."

"आप्पा, विम्याची अट आहे."

"विमा काय सोफ्यावर बसनार हाय का? ट्रॉफी कोनाची?"

मी प्रमोटर होतो, पण ट्रॉफी आप्पांची होती. रविवारी सकाळी मी सोफे पुढे घेतले आणि सोफ्यांबरोबर दोरीही. गायधनींना रविवारची सुट्टी होती. त्यांना कळायचं कारण नव्हतं.

नऊ वाजता मोपेड आली. डिकी उघडली. चपला बदलल्या गेल्या. मी लांबून त्या चपलांबरोबर मनात पावलं मोजत होतो. साहेब दोरीशी पोचून थांबले.

"एकवीस."

"साहेब, आज तुमची पावलं मोठी पडली असतील."

"माझं पाऊल बदलत नाही. तुझा सोफा बदललाय."

तोवर पाच-सहाशे माणूस त्या वळणावर दाटलं होतं. कोल्हापूर, पुण्याचे रायडर रांगेत उभे राहून गाड्या गुरगुरवत होते. गायधनींनी खिशातून पॉलिसी काढली. "अट मोडली. आता ह्यात चिवडा बांधून दे लोकांना." मला वाटलं, आता हे निघून जाणार. खरं सांगतो, ते जावेत असंच मला वाटत होतं. कागद मोडला तर मोडला, निदान शर्यत तरी सुरू होईल. विम्याबद्दलची माझी अक्कल एवढीच होती. तेवढ्यात तिकडे झेंडा पडलाच.

गायधनींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि दोरी ओलांडून सोफ्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. पाठ ट्रॅककडे, तोंड लोकांकडे, दोन्ही हात पसरलेले.

"मागे व्हा. मागे."

"ओ हेल्मेट! बसा की खाली!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. एक शेंग त्यांच्या हेल्मेटवर टणकन् आपटली.

"दिसंना झालंय ओ," आप्पा म्हणाले. "मी ट्रॉफी दिलीय."

मागून पहिली फेरी धडधडत गेली. मातीचा फराटा गायधनींच्या पाठीवर बसला. ते हलले नाहीत, म्हणजे जागेवर हलत होते, ह्या पायावरून त्या पायावर, त्यांना स्थिर राहणं माहीतच नव्हतं. पण जागा सोडली नाही. ते आप्पांवर वाकले.

"आप्पासाहेब, एकच सांगा. पळायचं झालं तर कुठून?"

आप्पांनी हसून मागे पाहिलं. मागे पाच-सहाशे माणूस खांद्याला खांदा लावून. डावीकडे सोफा, उजवीकडे सोफा, आणि स्वतः आप्पा गादीत कमरेपर्यंत रुतलेले. उठायचा प्रयत्न केला तर उठता येईना. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"आयला," ते म्हणाले. "हात द्या ओ."

एकदा उठल्यावर मात्र आप्पा मार्केट यार्डातले आप्पा झाले. "ए, उचला रे सोफे! सरका मागं! सरका म्हनतो ना!" ट्रकभर गोणी हलवणारा तो आवाज. आप्पांची माणसं पुढे झाली. लोक मागे सरकले, दोरी सरकली, सोफे निघाले. तिसऱ्या फेरीपर्यंत तीस पावलं जवळजवळ मोकळी झाली होती. राहिला होता एक सोफा, आणि त्याचं एक टोक धरून मी, कारण दुसरं टोक धरायला कोणी मिळत नव्हतं.

"सोड तो!" गायधनी ओरडले आणि माझी कॉलर धरून ओढलं.

कुठल्याशा रायडरची गाडी वळणावर सुटली. तो मऊ मातीत लोळत गेला. गाडी नाही थांबली. गायधनींनी डोळे मिटून जिथे दगड ठेवला होता, बरोब्बर त्या रेषेत ती आली आणि सोफ्यात घुसली. कापसाचा ढग उडाला. ढग विरला तेव्हा गाडी सोफ्यावर रेलून बसली होती, प्रमुख पाहुण्यासारखी. मागचं चाक फिरत होतं.

रायडरला खरचटलं. बाकी कोणाला काही नाही.

गायधनी साहेबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. मातीतच बसले, हेल्मेटसकट. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही नुसता कागद रद्द करून घरी जायचंत. तुमची जबाबदारी संपत होती."

"नुसता कागदच वाचला असता," ते म्हणाले. "पाणी आण."

पाच मिनिटांत ते परत उठले, खिशातून एक वही काढली आणि दोरीच्या कडेनं लोकांना विचारत फिरू लागले, "नाव? गाव?" मला वाटलं, कंपनीचा नियम असेल. लोकांना वाटलं, लकी ड्रॉ आहे. आप्पांनी घरातल्या अकरा जणांची नावं दिली. मांडववाल्याच्या सोफ्याचा क्लेम साहेबांनी सोमवारी नामंजूर केला. शेरा : सोफा चुकीच्या जागी.

पुढे शर्यतीच्या प्रत्येक वर्षी हेच. तीस पावलं, दगड, मग वही. मैदानावर बिल्डिंगा आल्या तेव्हा क्लब बंद पडला. साहेब रिटायर झाले. दोन हजार साल उलटलं, काकू गेल्या, मी दहाव्याला जाऊन आलो, आणि नंतर मात्र दोन गल्ल्यांचं अंतर मला कितीतरी महिने तोडता आलं नाही.

गेलो तोही स्वार्थानं. मोटारसायकलच्या शर्यती भरवणारा मी, आमच्याच गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर स्कूटरवरून पडलो. कोपर सोलवटलं, हेडलाइट फुटला. क्लेम होईल का, एवढं विचारायचं होतं.

दार उघडंच होतं. समोर खुर्ची, तोंड दाराकडे, आणि खुर्चीत साहेब. बसलेले.

"अजून पळायची तयारी?" मी चेष्टा केली.

"पळू कुठं आता. इथून कोणी आलं तर दिसतं."

चहा त्यांनीच केला. तोवर टेबलावरची वही मी उघडली. तीच वही. वडिलांच्या वह्यांसारखी लांबट, गावाप्रमाणे नावं. लासलगावात आप्पा आणि त्यांची अकरा माणसं. शेवटचा रकाना सगळ्यांचा एकच : सुखरूप. मग दुसरं वर्ष, तिसरं. माझं मूळ गाव निफाड, त्या पानावर मी. सुधीर बोरस्ते. उभा राहण्याची जागा : चुकीची. सुखरूप. प्रत्येक वर्षी, जागा : चुकीची.

"साहेब, हा कंपनीचा नियम नव्हता?"

"छे. कंपनीला काय करायचंय?" ते कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहिले. "ज्याला लागलं तो ऑफिसात येतो, भांडतो, त्याची फाइल होते. ह्यांचं काय? बाबांच्या वहीत नाव चढायचं ते बहुतेक घरात कोणी गेलं की. म्हटलं, ह्यांचंही कोणी लिहावं."

मी पान उलटलं. प्रत्येक वर्षाच्या शेवटी, सगळ्या गावांच्या खाली, काकूंचं नाव. जागा : घरी. सुखरूप. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी येऊन वही हलकेच मिटली आणि म्हणाले, "कोपर दाखव."

क्लेम होणार नव्हता. कारणं त्यांनी येरझाऱ्या घालत अर्धा तास सांगितली. मी निघालो तर फाटकापर्यंत आले.

"पोचलास की फोन कर."

"साहेब, दोन गल्ल्या!"

"वाटेत स्पीडब्रेकर आहे."

घरी पोचलो आणि फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"पोचलो, साहेब."

"हं. थांब," ते म्हणाले. पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला, मग पेनाचं टोपण. मी रिसीव्हर कानाला लावून त्यांचं लिहून होईपर्यंत उभा राहिलो.