तीन शब्दांचा रकाना

आजाराचे निदान आजाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांवरून करावे, हे तत्त्व सर्व सुधारलेल्या समाजांनी केव्हाच मान्य केले आहे. आजारी जेव्हा मोटार असते, तेव्हा तिच्या वतीने मालकाने बोलायचे असते. ही जबाबदारी लहान नाही. वेगवान मोटारीला सोळा झडपा, अठ्ठावीस सेन्सर आणि दोन पंखे असतात. मालकाला तोंड एकच असते, आणि तेही बहुधा वैतागलेले.

वेगवान मोटारींच्या निदान केंद्रात हे तत्त्व डोळ्यांत तेल घालून पाळतात. तिथे ग्राहक आणि कारागीर यांच्यामध्ये जाड काचेची भिंत आहे. (कारागिरांना ग्राहकाचे ओठ हलताना दिसतात. करमणुकीला तेवढे पुरेसे आहे, असे व्यवस्थापनाचे मत पडले.) भिंतीच्या अलीकडे नोंदणीसाहेब बसतात. त्यांच्या अर्जात एक रकाना आहे : 'तक्रार, ग्राहकाच्या मूळ शब्दांत. बदल करू नये.' रकान्यात तीन शब्द मावतात. केंद्राच्या अहवालानुसार गेल्या वर्षी ९८.६ टक्के गाड्यांचे निदान पूर्ण झाले. (दुरुस्ती हा वेगळा विभाग असून त्याची आकडेवारी अद्याप हाती आलेली नाही.)

अशा या केंद्रात एका सोमवारी दंतवैद्यबाई आपली लाल, दोन सीटांची गाडी टोचन लावून घेऊन आल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाईंनी ही गाडी घेतली ती एकाच कारणासाठी. त्यांच्या ताईला त्या गाडीतून घाटाच्या माथ्यापर्यंत न्यायचे होते. लहानपणी ताईने सायकलची सीट धरून, धापा टाकत मागे पळत त्यांना शिकवले होते, आणि एक दिवस न सांगताच हात सोडला होता. आता ताई पुढच्या सोमवारी मुलाकडे परदेशी जाणार होती, कायमची. हातात एकच रविवार होता.

"सकाळी चावी फिरवली की नुसती कटकट करते आणि गप्प," बाई साहेबांना म्हणाल्या. "सुरू झालीच तर कुठला तरी दिवा लागतो, त्याचा तो विझतो. सिग्नलला उभी राहिली की तापते. सगळं एकदमच कसं बिघडतं हो? डोक्याला ताप झालाय!"

साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. सुरुवातीची वाक्ये लांबलचक होती, रकान्यात मावणारी नव्हती. शेवटचे वाक्य मात्र जणू रकान्याच्या मापाने शिवून आणले होते. त्यांनी ते लिहिले आणि अर्ज काचेच्या फटीतून आत सरकवला.

आत मुख्य निदानकारांच्या अंगावर मूठभर मांस चढले. इंजिनाच्या वरच्या भागाला सारे जग 'हेड' म्हणते. हेड म्हणजे डोके. आणि इथे एक ग्राहक चक्क लिहून देत होती, डोक्याला ताप झालाय! एरवी लोक मोघम बोलतात, गाडी जोर घेत नाही वगैरे. त्यांनी लगेच हेड उतरवले, त्याचा तापमानाचा सेन्सर बदलला, हेड परत चढवले आणि शेरा मारला : 'डोक्याचा ताप उतरला.'

बुधवारी गाडी फाटकाबाहेर पडली आणि पहिल्याच सिग्नलवर तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला. मागे चौदा वाहनांनी हॉर्नचा गजर केला. (पंधरावे वाहन केंद्राचेच होते, त्यातील कर्मचाऱ्याने सौजन्य म्हणून काच खाली करून हात हलवला.) बाई घामाघूम होऊन परत आल्या.

"अहो, तो काटा बघून माझ्या तर तोंडचं पाणी पळालं!"

साहेबांचा चेहरा उजळला. "हे सोमवारीच सांगायचं ना, बाई!"

रेडिएटरला तोंड असते आणि त्यात पाणी असते, याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही. चार तास हवेचा दाब देऊन, रंगीत पाणी सोडून, आरसे लावून गळती शोधण्यात आली. पाणी काठोकाठ होते. निदानकार नाउमेद होणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शेरा मारला : 'पाणी पळाले होते. परत आले आहे.'

शुक्रवारी सकाळी गाडी सुरूच होईना. पुन्हा टोचन, पुन्हा साहेब. बाई साहेबांच्या टेबलावर ओणवल्या.

"सोमवारी ताई जाणार, या विचारानंच पोटात गोळा येतो हो."

साहेबांनाही भरून आले. त्यांनाही एक थोरली बहीण होती. डोळे पुसत त्यांनी रकान्यात लिहिले : 'पोटात गोळा येतो'.

गाडीचे पोट म्हणजे टाकी. टाकी उतरवली, रिकामी केली, विजेरी लावून पाहिली. गोळा नव्हता. पण मूळ शब्द 'येतो' असा होता, 'आला' असा नव्हता, ही बारीक गोष्ट निदानकारांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी दोन कारागीर टाकीशेजारी स्टुलांवर बसवले आणि शेरा मारला : 'गोळा अद्याप आलेला नाही. वाट पाहावी.' बाईंनी काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. दोघांनी उठून अदबीने हात हलवले आणि पुन्हा टाकीकडे तोंड करून बसले.

शनिवारी दुपारपर्यंत गोळा न आल्याने टाकी भरून परत बसवून गाडी ढकलत धुलाईला पाठवण्यात आली. धुलाईचे आवार काचेच्या अलीकडे, फाटकाजवळ आहे. तिथे एक मावशी गाड्या धुतात. बाई बाजूच्या कठड्यावर डोके धरून बसल्या होत्या. मावशींनी बॉनेट उघडून फडके फिरवले आणि त्यांचा हात थांबला.

"ही बघा बाई, बॅटरीची जाड काळी वायर. गाडीच्या अंगाला जोडलीय तिथे नटच सैल आहे. गदगदा हलतेय. नीट वीज पोचत नसणार हिला. म्हणून सकाळी उठत नाही, दिवे भलतंसलतं सांगतात, पंखा मरगळतो. आमचा पाण्याचा पंप अगदी अस्साच करायचा."

बाई धावत साहेबांकडे गेल्या. "लिहा! वायर सैल आहे!"

साहेबांनी बोटांवर मोजले. तीन शब्द. बरोबर मावत होते. पण त्यांनी पेन खाली ठेवले.

"हे तुमचे मूळ शब्द नाहीत, बाई. मावशींचे आहेत. मी इथून ऐकलं." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आणि धुलाई विभागाला निरीक्षणाचा अधिकार नाही. फक्त फेसाचा आहे."

बाईंना हसू की रडू ते कळेना. त्या परत आल्या तोवर मावशींनी नळाचा पाना काढून नट आवळलाही होता. बाईंनी चावी फिरवली. गाडी अशी काही गरजली की काचेआडचे दोन्ही स्टूल हलले. मावशी आणि बाई एकमेकींचे फेसाळलेले हात धरून आवारात गरगर फिरल्या. आत निदानकारांनी शेरा मारला : 'गोळा आपोआप विरघळला. निदान यशस्वी.'

रविवारी गाडी दहाच्या ठोक्याला ताईच्या दारात उभी होती. "ही बसायची गाडी आहे की झोपायची?" असे म्हणत ताई कशीबशी आत शिरली. पहिल्या तीन वळणांवर तिने सीटची कड घट्ट धरून ठेवली. चौथ्या वळणानंतर ती हळूच म्हणाली, "सोडलं गं मी." त्यावर दोघी बहिणी घाटभर खदखदून हसल्या, माथ्यावर पोचल्यावर रडल्या, आणि काटा जागचा हलला नाही.

सोमवारी ताईला निरोप देऊन बाई दवाखान्यात आल्या तेव्हा मोबाईलवर केंद्राची विचारणा होती : 'पाचपैकी किती तारे?' बाई फार आनंदात होत्या. त्यांनी पाच दिले. शिवाय केंद्राच्या अर्जावरचा तो सुटसुटीत रकाना त्यांच्या मनात भरला होता. सकाळीच त्यांनी तो आपल्या केसपेपरवर छापून घेतला.

पहिल्या पेशंटने सांगितले, "डावीकडचा, वरचा, शेवटून दुसरा. थंड लागलं की कळ येते. नंबर मिळावा म्हणून आठवडाभर विनवण्या चालल्यात, दाताच्या कण्या झाल्या!"

बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटचे वाक्य लिहिले. मग बत्तीसही दातांचे फोटो काढले. कण्या आढळल्या नाहीत, तेव्हा खबरदारी म्हणून उजवीकडचे दोन चांगले दात घासून लहान केले. पेशंटने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण तोंडात कापूस होता. नुसतीच मान हलली. ती होकारार्थी नोंदवण्यात आली.

आता जरा जीभ डावीकडे वर, शेवटून दुसऱ्या दातावर फिरवून बघा. अजून दुखतो ना? पण त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या विचारणेला तुम्ही पाच तारे दिलेत, आणि पाचवा देताना तुमचा अंगठा जरासुद्धा अडखळला नाही, अशी आमच्याकडे नोंद आहे.