केवलरामची रेंगी

सौंदडला धानाची गिरणी सुरू झाली आणि सारं गाव खूश झालं. केवलराम तेवढा उतरला चेहरा घेऊन बसला. त्याची रेंगी, म्हणजे सवाऱ्या नेणारी हलकी बैलगाडी, रोज सकाळी गावची माणसं स्टेशनवर पोचवायची. तिथून ती आगगाडीनं गोंदियाला, विडीच्या कारखान्यात जायची. आता काम दाराशी आल्यावर रेंगीत कोण बसणार?

"अजी, बैलं इकता का गिरणीत कामाले लागता?" बायकोनं, धुरपताबाईनं, विचारलं.

बैल विकायच्या नुसत्या नावानंच केवलराम रेंगी जुंपून गिरणीत पोचला.

गिरणीचे मालक मुन्नालाल सेठ आधीच वैतागले होते. धानाचे ढीग पडलेले, आणि माणसं अपुरी. "एक खेप कोंडा पहुँचाके दिखाव. जमा तो काम पक्का," ते म्हणाले आणि खात्री करायला स्वतःच पोत्यांवर चढून बसले.

तेवढ्यात भोंगा वाजला. सेठनी तो रेल्वेच्या मोडीतून हौसेनं आणला होता. जुन्या इंजिनाची शिट्टीच ती! आणि केवलरामच्या बैलांना एकच धडा पाठ होता: शिट्टी झाली की स्टेशन गाठायचं, तिथं लाखोळीचे दाणे खायला मिळतात. लहानपणी घोटलेला धडा बैलसुद्धा विसरत नाहीत. शेपट्या वर करून दोघं सुटले.

"अरे, रोको! कहाँ लेके जा रहा?"

"मी नाई नेऊन राहिलो जी, बैलं नेऊन राहिले!"

"तो बैलों को बोल!"

"शिट्टी झाल्यावर ते माह्यं नाई आयकत!"

वाटेत एक पोतं फुटलं. रेंगी स्टेशनवर थांबली तेव्हा सेठ डोक्यापासून पायापर्यंत कोंड्यानं माखले होते.

अर्जुनीकडची आगगाडी नुकतीच आली होती. गाठोडी घेऊन बायामाणसं उतरत होती. त्यांतली प्रेमिला पुढं आली.

"भाऊ, इथल्या गिरणीत काम भेटते म्हंतेत. खरं हाय का जी? अन् हे बाबा तिथलेच हमाल का?"

सेठ भडकणार होते. पण मागची माणसं पाहून त्यांचा चेहराच उजळला.

"भेटते! सबको भेटते! केवलराम, बिठाव इनको! अब रोज स्टेशन से लोग लाना, काम पक्का!"

पोती खाली उतरली, रेंगी खचाखच भरली. केवलराम खाकरला.

"सेठजी, तुमीबी उतरा जी. सवाऱ्यायले जागा नाई."

सेठ रेंगीच्या मागं मागं चालत गिरणीत आले.

संध्याकाळी धुरपताबाईनं दारातच विचारलं, "लागली का जी नोकरी?"

"लागली," बैलांच्या पाठीवर थाप मारत केवलराम म्हणाला. "पर मले नाई. या बैलायले लागली."